चांगला पाय

फिजिओथेरपीवाल्या बाईंना दवाखान्यात सगळे पाठीमागे शंकाबाई म्हणत. सासूबाई “जेवले मी” म्हणाल्या, तरी या पातेल्याचं झाकण उघडून बघायच्या. घोटा मुरगळलेले लोक त्यांच्याकडे दोन तऱ्हांचे येत: रजा वाढवून हवी म्हणून लंगडणारे आणि कामावर जायची घाई म्हणून लंगडणं लपवणारे. बाईंना धास्ती दुसऱ्यांची.

त्या दिवशीचा रंगारी दुसऱ्यांतला. उजवा घोटा मुरगळून सात आठवडे झाले होते. बाईंची सही मिळाली तरच मुकादम त्याला सोमवारी शिडीवर चढू देणार होता; नाहीतर खाली बसून रंग ढवळायचा.

बाईंनी त्याला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. उजव्यावर नऊ सेकंद, डाव्यावरही नऊ. मग जमिनीवरच्या चिकटपट्टीपर्यंत झपझप जाऊन वळून यायला लावलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पावलं सारखी, वेळ सारखा. दुखरा पाय चांगल्याच्या बरोबरीला आला की सही द्यायची, असा रिवाज. बाईंनी पेन उघडलं आणि मनात पाल चुकचुकली. जन्म शिडीवर काढलेला माणूस धडक्या पायावर नऊच सेकंद?

त्यांनी दाराशी काढलेले त्याचे बूट उलटे करून पाहिले. डाव्याचा तळ बाहेरच्या कडेला पार झिजला होता.

“डावा कधी मुरगळला होता?”

“डावा चांगला आहे, ताई.”

“कधी, ते विचारलं मी.”

रंगारी मोजा चाळवत बसला. मग हळूहळू बोलला. पाच वर्षांपूर्वी शिडीवरून उतरताना मुरगळला होता. मालिश केली, तिसऱ्या दिवशी कामावर. मुकादमालाच काय, बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

“वासरांत लंगडी गाय शहाणी,” बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं. शिडी बंद, महिनाभर दोन्ही पायांचा व्यायाम.

त्याने बरीच गयावया केली, पुन्हा परीक्षा घ्या म्हणाला. बाई हलल्या नाहीत. शेवटी बूट चढवत तो म्हणाला, “एका पायाचं दुखणं घेऊन आलो, दोन्हींचं घेऊन चाललो.”

जिना उतरताना त्याने कठडा धरला. बाई दारातून बघत होत्या. आता हा कठडा खरंच आधाराला धरलाय की आपल्याला दाखवायला, हे काही त्यांना ठरवता येईना.