गावंडे सरांची अंदमानची माहिती

अमरावतीच्या साईनगरात कुणाला अंदमानला जायचं असलं, तर तिकिटाच्या आधी गावंडे सरांना गाठावं लागे. पुंजाराम गावंडे सर आयुष्यात एकदाच अंदमानला जाऊन आले होते. तेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर, बंडू इंगोलेच्या टूरबरोबर. पण लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात, सरांना तेवढंही लागलं नव्हतं. परत आल्यापासून ते समुद्रावर असं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचा जन्म शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागेत नव्हे, गलबतावरच झाला असणार.

बंडूचं चांगलंच फावलं. नवी गिऱ्हाइकं मिळाली की तो त्यांना सरांच्या हॉलमध्ये आणून बसवी. माहिती फुकट, चहाही फुकट. चहा करायला सरांची बायको मैनाबाई होतीच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पुराण ऐके.

"तिकडे सूर्य फार लवकर मावळतो," सर सांगत. सभेत ते पुस्तकातली भाषा बोलत, घरची वऱ्हाडी सभा संपेपर्यंत खुंटीला टांगलेली असे. "म्हणून पहाटे उठायचं. दहापर्यंत लोळणाऱ्यांनी चिखलदऱ्याला जावं. रोख पैसे जवळ ठेवा, फोनला रेंज असतेच असं नाही. पावसाळ्यात जाऊ नका, समुद्र खवळला की बोटी बंद. आणि बोटीत बसण्याआधी उलटीची गोळी घ्या. मला स्वतःला त्रास होत नाही. मनावर ताबा पाहिजे."

मनावर ताबा! मैनाबाईला हसावं की रडावं कळत नसे. हा ताबेवाला माणूस विमानतळावर जाताना नागपूरच्या रस्त्यावर तिवसा यायच्या आतच दोनदा गाडीतून उतरला होता. पुढं हॅवलॉक बेटाच्या बोटीत तर त्यानं अख्खा प्रवास पिशवीत तोंड घालून काढला. निळं पाणी, उडणारे मासे, सगळं मैनाबाईनं एकटीनं पाहिलं. एका हातानं नवऱ्याची पाठ चोळत पाहिलं, एवढंच.

पण हे काहीच नव्हतं. खरं शल्य शेवटच्या मुद्द्यात होतं, आणि तो मुद्दा सर नेहमी चहा बाहेर आला की काढत.

"आता सर्वांत महत्त्वाचं. किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, काही म्हणजे काही आणायचं नाही. गुन्हा आहे. आमच्या हिला मी बजावून सांगितलं होतं. तरी हिनं काय केलं? शेवयांच्या डब्यात प्रवाळाचा दगड लपवला! विमानतळावर मशीननं पकडलं. शेवटी मी हात जोडले, तेव्हा सुटका झाली." मग ते मैनाबाईकडे मान वळवत. "बाईमाणूस. चालायचंच."

लोक हसत. मैनाबाई कप वाटत राही.

तो दगड डब्यात खुद्द सरांनीच ठेवला होता. गावंड्यांच्या घरात रीतच होती, ज्या तीर्थाला जावं तिथला एक गोटा देवघरात आणायचा. ओंकारेश्वराचा होता, रामेश्वराचा होता. अंदमानला देऊळ नसलं तरी समुद्र म्हणजे तीर्थच, असा हिशेब सरांनी स्वतःशीच केला. वाटाड्यानं बजावलेलं त्यांनी ऐकलं होतं. पण नियम हे वर्गातल्या पोरांसाठी असतात, मास्तरांसाठी नाही, ही त्यांची जन्माची समजूत. मैनाबाईला न सांगता त्यांनी तिच्या पिशवीतल्या शेवयांच्या रिकाम्या डब्यात दगड सारला.

विमानतळावर डबा उघडला तेव्हा सगळी टूर बघत होती. "ही पिशवी कोणाची?" अधिकाऱ्यानं विचारलं. मैनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "साहेब, माफ करा, हिला समजत नाही." अधिकाऱ्यानं दगड काढून घेतला, समज दिली आणि सोडून दिलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोरानं दुसऱ्याच्या वतीनं माफी मागितलेली मैनाबाई पहिल्यांदाच बघत होती.

विमानात तिनं हळूच विचारलं, "काहून केलं असं?"

"मी मास्तर आहो. चारचौघात माही इज्जत गेली असती."

"अन् माही?"

"तुले कोन ओयखते?" सर म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून झोपले.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले. मोज्यातून सुपारीपेक्षा जरा मोठा, पांढरा, भोकाभोकांचा आणखी एक तुकडा निघाला. तो त्यांनी धुऊन देवघरात रामेश्वराच्या शेजारी बसवला. मैनाबाई तेव्हापासून रोज त्याच्यावर फूल वाहत आली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याची लाज म्हणजे आपलीच लाज, असं तिला वाटे. त्या गोष्टीवर लोक हसून हसून लोळू लागले तसं हे वाटणं कमी होत गेलं.

यंदा दिवाळीनंतर अकोल्याचे व्याही-विहीण अंदमानला निघाले. म्हणजे मुलगी प्रणाली हिचे सासू-सासरे. मुलीच्या सासरची माणसं म्हणून मैनाबाईनं नवं पातळ नेसलं, आलूबोंडे तळले. एवढीच इच्छा होती, की आज तरी ती गोष्ट नको. सकाळी तिनं नवऱ्याला तसं सांगितलंही.

"आज तेवढं सांगू नोका. पोरीच्या सासरचे आहेत."

"पाहू," सर म्हणाले.

आणि चहा बाहेर आल्याबरोबर त्यांनी तेच काढलं. या वेळी तर दगड नारळाएवढा झाला होता. व्याही मांडी थोपटून हसले. विहीणबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाई बाई! मंग तुमी अकोल्याले आल्या का आमाले कपाटाले कुलूपच लावा लागते!"

मैनाबाईचे कान तापले. ती आत गेली. देवघरातून तो पांढरा तुकडा उचलला, वरचं झेंडूचं फूल काढून देवापाशी ठेवलं आणि बाहेर येऊन तुकडा ट्रेमध्ये बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"हे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

"अंदमानचाच हाय," मैनाबाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "याचा जोडीदार तिकडं पकडला. दोन्ही यायनंच आनले. तो माह्या डब्यात टाकला, मले न सांगता. हा यायच्या मोज्यातून आला."

विहीणबाईंचा पदर तोंडावरच राहिला. सरांनी खोकून पाहिलं, पण पुस्तकातली भाषा काही सापडेना. "मैने... तू... पावन्यायसमोर..." एवढंच वऱ्हाडीत बाहेर पडलं.

व्याही तुकडा न्याहाळत म्हणाले, "सर, आता आमी आनला त चालते का मंग?"

मैनाबाईनं दारात उभ्या उभ्या घालवलेली सगळी वर्षं मागं टाकून, सरळ सोफ्यावर विहीणबाईंच्या शेजारी बसून घेतलं आणि आपला कप उचलला.

"तुमी म्हने, मले कोन ओयखते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमाले त सारे ओयखते. आता बराबर ओयखते."