दुपारचे जादा वर्ग

१ मार्च १९६२, गुरुवार. भिजवलेले गहू वाटून कुरडयांसाठी चीक काढायचा होता. तीन दिवस पाणी बदलून गहू असे फुगले होते की दाणा दाबला की दूध बाहेर येई. आमची शाळाही त्याच दिवशी सकाळची झाली. मार्च लागला की अमरावतीचं ऊन दुपारी वर्गात बसू देत नाही, म्हणून आमच्याकडे शाळा सकाळी सातला भरते आणि अकराला सुटते. मी शिक्षिका. अकरा वाजता घरी आले, कुलूप काढलं आणि पाटा धुतला.

मुलगी चार वर्षांची होती. तिचे वडील विषमज्वराने गेले तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. माहेर हिवरखेडला, नोकरी इथे, म्हणून एका खोलीत आम्ही दोघी राहत होतो. तिला बालक मंदिरात घातलं तेव्हा तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "सकाळचा वर्ग सर्वांना. दुपारी टिपऱ्या, गाणं, मातीकाम असतं, त्याची फी वेगळी. घ्यायलाच हवं असं नाही हं."

मी तिन्ही घेतले. टिपऱ्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझी शाळा सुटेपर्यंत पोर सावलीत आणि कुणाच्या तरी नजरेखाली राहावी, एवढ्यासाठी ते पैसे होते.

आता दुपार माझीच मोकळी झाली होती. तेव्हा हिशेब सरळ होता: जादा वर्गांतून नाव काढायचं, पोरीला बाराला घरी आणायचं, दोघींनी जेवायचं. उद्या दुपारी मी कुरडया घालीन आणि ती काठी घेऊन कावळे हाकत बसेल. हिवरखेडला आमच्या आईच्या कुरडया मी अशाच राखल्या होत्या. आई घालता घालता गोष्टी सांगायची आणि मी निम्मा चीक खाऊन टाकायची. चीक वाटताना मी उद्या कोणती गोष्ट सांगायची तेही ठरवून ठेवलं. चीक गाळून पातेलं झाकलं, ताटं दोन काढून ठेवली, आणि डोक्यावर पदर ओढून निघाले.

बालक मंदिराच्या फाटकाशी तिथली मावशी मुलांचे डबे घासत बसली होती.

"बाई, आज एवढ्या लवकर? पोट्टीले बरं नाई का?"

"बरं आहे. नाव काढायला आले. दुपारचं."

"काहून?"

"आमची शाळा सकाळची झाली. आता मी घरीच असते दुपारी."

मावशी हसली. "सुट्टी तुमाले झाली बाई, तिले थोडीच झाली! जा, पाहा त खरं कशी खेळून राहिली."

ओसरीवर मुलं दोन रांगांत समोरासमोर उभी होती. माझी मुलगी टोकाला होती आणि तिच्यासमोर नाक वाहणारी, तिच्याएवढीच एक मुलगी. दोघींची टिपरी एकदा जमायची, दोनदा हुकायची आणि हुकली की दोघी वाकून वाकून हसायच्या. घरी ती अशी हसत नसे. घरी हसवणारं कोण होतं?

मी दिसले तशी ती टिपऱ्या छातीशी धरून आली.

"तू काहून आली?"

"न्यायला. चल, जेवू."

"मले नाई यायचं."

"अगं, उद्यापासून रोज दुपारी घरी राहायचं. कुरडया राखायच्या."

तिने मागे वळून पाहिलं. ती दुसरी मुलगी दोन्ही हात खाली सोडून एकटी रांगेत उभी होती.

"मंग तिनं कोणासंग खेळाव?" पोर म्हणाली.

तोवर मोठ्या बाई बाहेर आल्या. "काढायचं असेल तर काढा, पण टिपऱ्यांना जोडी लागते हो. एक गेली की समोरचीला बसवावं लागतं."

हात धरून नेता आलं असतं. चार वर्षांची पोर, किती वेळ रडली असती? मी म्हटलं, "राहू द्या. नुसती बघायला आले होते." फाटकातून बाहेर पडताना टिपऱ्या पुन्हा सुरू झालेल्या ऐकू आल्या.

घरी येऊन एक ताट परत मांडणीवर ठेवलं आणि जेवले. सकाळी वर्गात मुलींना ओरडून ओरडून घसा बसला होता, त्याला चार तास चांगला आराम मिळाला.

चार वाजता मावशीने पोरीला दारात आणून सोडलं. पाय धुताना तिने विचारलं, "तू दुपारी काय करत होती?"

"कामं."

"एकलीच?"

"कामाला दुसरं कोण लागतं? टाच घास."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी चीक शिजवला. दुपारची वाट बघायचं कारण उरलं नव्हतं. अंगणात बाज टाकली, तिच्यावर धुतलेलं जुनं लुगडं अंथरलं आणि उजाडेपर्यंत सगळ्या कुरडया घातल्या. मग बाजेच्या चारी पायांना काठ्या बांधून आमची दोघींची मच्छरदाणी वरून लावली आणि कडांवर विटा ठेवल्या. कावळ्यांचा बंदोबस्त झाला. पोरीची वेणी घातली, तिला बालक मंदिरात सोडलं, मार्चची जादा वर्गांची फी भरली आणि शाळेत गेले.