निवडून नाही, सरसकट

मेंढरं विकायच्या दोन तऱ्हा. एक निवडून, एक सरसकट. निवडून विकली की व्यापारी आधी धष्टपुष्ट नर काढतो, मग भरल्या अंगाच्या माद्या, आणि उरलेली लंगडी-पांगळी तुमच्या गळ्यात ठेवून हसत निघून जातो. सरसकट विकली की लंगडीलाही धडधाकटीचा भाव. माझ्या बापाला एवढं एकच गणित येत होतं आणि त्यानं मलाही तेवढंच शिकवलं. शाळेनं चौथीपर्यंत जे शिकवलं ते मी कंपनीच्या गेटात शिरताना बाहेरच ठेवलं असावं, कारण पुढं त्याची कुणी विचारपूस केली नाही.

कंपनी रांजणगावच्या एमआयडीसीत. आम्ही प्रेसवर पत्रा दाबून पार्ट काढायचो. मी कारेगावातून सायकलवर जायचो. पुढं पोरानं मोटारसायकल घेतली, सोडायला येतो म्हणाला. पण मागं बसून जायचं म्हणजे पोराच्या मर्जीनं जायचं, म्हणून मी सायकल सोडली नाही.

माझा जोडीदार केडगावचा. आठवडाभर कारेगावात खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. बौद्धवाड्यातला, दहावी झालेला, रोज पेपर वाचणारा, आणि वाचलेलं मला ऐकवल्याशिवाय डबा न उघडणारा. प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून त्याला स्टोअरला हलक्या कामावर बसवलं होतं. तो मला मेंढका म्हणायचा, मी त्याला वकील. आमचं दोघांचं कशावर एकमत झालेलं मला आठवत नाही.

मग एक दिवस कळलं की आमची लाइन दुसऱ्या राज्यात चाललीय. आम्ही बारा जण जुने. आम्हाला स्वेच्छेनं जायचं होतं, असं नोटीस बोर्डावर लावलं. स्वेच्छा कंपनीची, जायचं आम्ही. युनियन कधीकाळी होती, ती कवाच मोडली होती.

एचआरचा साहेब नवा, पुण्याचा, तोंडाचा गोड. त्यानं एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. वयानं मोठा म्हणून पहिला मी. चहा दिला, बिस्किटं दिली, आबा म्हणाला. मग हळू आवाजात सांगितलं, की जेवढी नोकरी झाली त्यातल्या दर वर्षामागं बाकीच्यांना एक महिन्याचा पगार देतोय, तुम्हाला दीड महिन्याचा, फक्त बाहेर बोलू नका. मी जोडीदाराचं विचारलं. त्यांचं काम हलकं होतं, म्हणाला, त्यांना कायद्यात बसतं तेवढंच, पंधरा दिवसांचं.

मी गप्प बसलो.

इथं सांगायला पाहिजे की बाजारात भाव तोंडानं होत नाही. व्यापारी रुमालाखाली तुमची बोटं दाबतो, तोच भाव. पसंत नसला तर आपण बोलायचं नाही. हात काढून घ्यायचा आणि दुसरीकडं बघायचं. तोंडावर नाही म्हणणं हा समोरच्याचा अपमान. गप्प बसलेल्या माणसाचा अर्थ एकच, वाढवा. तर मी चहा संपवला, खिडकीबाहेर बघितलं, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि उठलो. मला वाटलं, चोख नकार दिला.

साहेब माझ्या मागोमाग बाहेर आला आणि पुढच्याला म्हणाला, आबांची काही हरकत नाही, आता तुम्ही या.

डब्याच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट शॉपभर झाली. आबा तयार झाला मग आपण कशाला ताणायचं, म्हणून दोघं सहीच्या बेतात. जोडीदार आला तो डबा न घेताच आला.

"किती घेतलं?"

"कशाचं?"

"आमचं."

अशा बोलण्याला एरवी मी उत्तर दिलं नसतं. पण सगळे बघत होते. म्हणलं, "मी न्हाई म्हणून आलोय."

"काय म्हणालास नेमकं?"

"काहीच न्हाई."

"मंग न्हाई कसं म्हणालास?"

मी रुमालाचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग असा हसायला लागला की बाकावर बसला. "आरं मेंढक्या, ते पुण्याचं पोरगं हाय. म्हातारा गप्प बसला म्हंजी हो म्हणाला, असंच त्याला वाटणार. त्याच्या घरातला म्हातारा तसाच असंल."

चूक माझी होती असं मी आजही मानत नाही. पद्धत वेगळी होती, एवढंच. पण गैरसमज काढायचा तर सगळंच काढावं, म्हणून मी तिथंच दीड महिन्याचं, एका महिन्याचं आणि पंधरा दिवसांचं, सगळं मोठ्यानं सांगून टाकलं. एकजण म्हणाला, आबा, तुमचा दीड महिना जाईल की हो.

"जाऊ दे. धष्टपुष्ट नर हाय म्हणून मला आधी काढला."

"आन् मी लंगडी," जोडीदार म्हणाला.

"लंगडी न्हाईस तू. वरडून वरडून व्यापाऱ्याला पळवणारी हाईस."

दुपारी आम्ही बारा जण एकदम केबिनमध्ये शिरलो. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळं कुणीच बसलं नाही. साहेब म्हणाला, एकेक जण या. मी म्हणलं, "साहेब, सकाळी मी गप्प बसलो ती माझी ना होती. आमच्यात तसंच असतंय. आता तोंडानं सांगतो. निवडून न्हाई, सरसकट. बाराच्या बारा, एकाच भावानं, दीड महिना."

तो म्हणाला, अशी पद्धत नाही. जोडीदारानं मग आपलं पेपरवाचन कामाला लावलं. म्हणाला की सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय मशिनी हलवायच्या नाहीत असा वरून आलेला कागद मी स्टोअरला वाचलाय, आणि मशिनी न्यायला आलेले ट्रेलर शिक्रापूरला उभे आहेत, हे आम्हाला तिथल्या चहावाल्यानंच सांगितलंय. उभ्या गाडीचं भाडं चालू असतं.

साहेब बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. सरसकट द्यायला कंपनी तयार झाली, पण एकेक महिना.

आम्ही बाराही जण गप्प. बाराही जणांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक सुरक्षारक्षक आणि त्याची खुर्ची. साहेब आमच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं कपाळाला हात लावला.

"म्हणजे वाढवा, असंच ना आबा?"

तो पुन्हा फोनवर गेला. आला तो सव्वा महिना घेऊन, आणि याच्यापुढं माझीच नोकरी जाईल म्हणाला. चेहऱ्यावरून खरं बोलत होता.

जोडीदार माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर ओढला आणि खालून माझी बोटं दाबली. दोन बोटं नसलेल्या हातानं.

"तुझ्या बोटांचा हिशेब लागत न्हाई," मी म्हणलं. "तोंडानं सांग."

"घे," तो म्हणाला. "लई झालं."

मी साहेबाकडं बघून मान हलवली. केबिनबाहेर आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा जोडीदारानं मला मेंढका न म्हणता पाहुणं म्हणलं. दुसऱ्या दिवशी परत मेंढका. घरी माझ्या बायकोनं मात्र दीडाचा सव्वा झाल्यावर किती गेलं ते लगेच काढलं, आणि तो विषय तिनं आजपर्यंत सोडलेला नाही. पाहुणे आले की चहाबरोबर निघतो.

शेवटच्या दिवशी साहेबानं केबिनमध्ये गेटवरची ओळखपत्रं जमा करून घेतली. मी गळ्यातून काढून कार्ड सोडवलं, ते टेबलावर ठेवलं आणि निळी फीत हातातच ठेवली.

"आबा, फितीसकट द्यायचं असतं."

"जनावर इकत्यात साहेब. दावं देत न्हाईत. घेणाऱ्यानं आपलं आणायचं."

साहेब काही बोलला नाही. खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे आमच्या पद्धतीनं नाही म्हणत होता. मी त्याची पद्धत धरली, गप्प म्हणजे हो. मी फीत खिशात घातली आणि सायकल काढली.