पडद्याबाहेर राहिलेली ओटी

खून, दरोडे नोकरीत पुष्कळ पाहिले, त्यांतले बरेचसे विसरूनही गेलो. पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी आलेलं एक साधं चोरीचं प्रकरण अजून मनातून जात नाही. नावं सांगणार नाही. ती माणसं आजही एकाच घरात राहतात.

ठाणं पेठ वडगावच्या बाजूचं. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात पन्नाशीचे एक शेतकरी गृहस्थ तक्रारी अर्ज घेऊन आत आले. वीस-बावीस वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नात त्यांच्या आईचा सोन्याचा कोल्हापुरी साज नाहीसा झाला होता. तेव्हापासून संशय धाकट्या भावाच्या बायकोवर, पण पुरावा काही नव्हता. त्या भांडणापायी लग्नाची कॅसेट कुणी बघितलीच नाही, ती ट्रंकेत पडून राहिली. आता घरात भिंतभर टीव्ही आला. कुणाकडून तरी जुना व्हीसीआर मागून आणला आणि घरचे सगळे कौतुकाने लग्न बघायला बसले.

"आणि घावली की साहेब! एवढ्या मोठ्या पडद्यावर काय लपतंय व्हय?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. टीव्हीवर चाललेलं चित्र मोबाईलवर घेतलं होतं. नवरीची ओटी भरणं चाललं होतं. मधे नवरी, एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला ही धाकटी वहिनी. वहिनीच्या हातात साज चमकतो, ती तो खणात गुंडाळते, हात खाली जातो आणि संपतं. हे त्यांनी भावकीच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं.

एरवी मी दोन्ही बाजूंना समज देऊन अर्ज निकाली काढला असता. पण दुपारी ती बाई स्वतःच ठाण्यात आली. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तो व्हिडिओ मलकापूरच्या मुलाकडच्यांपर्यंत पोचला होता आणि त्यांनी सुपारी पुढे ढकलली होती.

"समज-बिमज देऊ नका साहेब. चौकशीच करा," ती म्हणाली.

महिला कॉन्स्टेबलसमोर जबाब घ्यायला सुरुवात केली. साज तुमच्या हातात होता का?

"व्हता की."

मग ठेवला कुठं? गप्प. कुणाला दिला? गप्प. खोटं बोलणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो. गप्प बसणारा एक तर सराईत असतो, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. ही बाई सराईत नव्हती. मला तिचा रागच आला. स्वतःच्या लेकीचं लग्न मोडायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही! मी आवाज चढवला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ओटी भराय लागल्यात आणि ओटीच दिसंना, असलं कसलं वो शूटिंग? टेप नीट बघा. मी सांगणार न्हाय."

मी तिच्याच मोबाईलवर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तिघींचे चेहरे होते, मांड्या नव्हत्या. आमच्याकडचा शूटिंगवाला जेवायला बसलेली माणसं सोडील, पण नवरीच्या पदरातले तांदूळ-नारळ सोडणार नाही.

मी कॉन्स्टेबलला घेऊन त्यांच्या घरी गेलो. नवरीची ती आई, आता पिकलेली म्हातारी, कॉटवर बसून होती. कॅसेट लागली. माणसांनी पडदा काठोकाठ भरला. कॉन्स्टेबलने रिमोट घेऊन कसलंसं बटण दाबलं, तसं चित्र आखडलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

तक्रार करणारे थोरले वैतागले. "पट्ट्या येत्यात म्हणून मीच भरून ठेवलंय ते. एवढा टीव्ही काय पट्ट्या बघाय घेतलाय?"

पण आता चौकोनी चित्र पुरतं दिसत होतं. पडदा भरायच्या नादात वरचा-खालचा भाग कापला जात होता. कॅसेट मागे घेतली. खाली नवरीचा पसरलेला पदर होता. आईच मांडीवरच्या पदराखालून साज काढून सुनेच्या हातात देत होती. सून तो खणात गुंडाळून नवरीच्या ओटीत ठेवत होती आणि आई वरून तांदूळ सारत होती.

मी म्हातारीला विचारलं, "आजी, हा हात कुणाचा?"

"माझाच की," ती म्हणाली आणि रडायला लागली. "लेकीला द्यावासा वाटला. थोरला घर डोक्यावर घेईल म्हणून भ्यालो. हिला शपथ घातली. वाटलं, ही सोशिक हाय, सोसंल."

शिरोळला दिलेल्या त्या लेकीला फोन लावला. तिने साज आपल्याकडे असल्याचं कबूल केलं. ती इतकी वर्षं कशी गप्प बसली, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा नव्हता.

रविवारी भावकी आणि मलकापूरचे पाहुणे त्याच टीव्हीसमोर बसले. थोरल्यांनी स्वतःच्या हाताने पट्ट्या आणल्या. म्हातारीने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. सुपारी त्याच दिवशी फुटली.

पुढच्या वर्षभरात कुणी मोबाईलवर पुरावा आणला, की मी आधी विचारायचो, याच्या वर-खाली काय होतं? तेवढं त्या बाईने शिकवलं.

शेवटच्या जबाबावर सही करायला ती ठाण्यात आली, तेव्हा मी विचारलं, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं ना?"

तिने सही केली, पेन टेबलावर ठेवलं. "सांगितलं असतं तर शपथ मोडली असती. आणि साहेब, खरं बोला, तुम्ही तरी माझं खरं मानलं असतं?"

मी जबाबाचा कागद फाईलला लावला. ती उठून गेली.