खुराड्याचं माप

तुकाराम गवंड्याला त्याने आयुष्यात किती घरं बांधली, हे कोणी विचारू नये. विचारलं की तो धामापूरच्या तळ्याजवळून सुरुवात करतो आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या खोल्यांपर्यंत येईतो समोरच्याचा चहा गार होतो. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात. लोकांच्या आधी तो स्वतः म्हणतो. पण सहासष्टाव्या वर्षी त्याचा उजवा खांदा कुरकुरायला लागला. चिरा उचलला की कळ थेट मानेत जायची. गेल्या दिवाळीपासून त्याने कामं घेणं बंद केलं होतं. दिवसभर पडवीत बसायचं, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि दुसऱ्या गवंड्यांनी घातलेल्या भिंतींना नावं ठेवायची, एवढंच काम उरलं होतं.

त्याची बायको पद्मावती मात्र अजून कामातच होती. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून चार पिल्लं घेऊन आली होती. त्या चारांच्या पोटी आजवर किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. सध्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. रोज दिवेलागणीला त्यांना हाकत पडवीच्या कोपऱ्यात आणायचं, बांबूच्या दोन डालग्यांखाली कोंबायचं, वर दगड ठेवायचा. पहाटे दगड काढायचा, डालगं उचलायचं, खालची घाण शेणाने सारवून घ्यायची. हे सगळं वाकून. एक्केचाळीस वर्षं, दिवसातून दोनदा.

पहिल्याच वर्षी तिने नवऱ्याकडे खुराडं मागितलं होतं. "ह्या पावसाआदी घालतंय," तो म्हणाला होता. कोणत्या पावसाआधी ते त्याने सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो खोटारडा ठरत नव्हता. लोकांची घरं होत राहिली. पद्मावती अधूनमधून आठवण करून द्यायची, मग तेही तिने सोडून दिलं.

या चैत्रात डालगं उचलता उचलता तिची कंबर धरली, ती सुटेना. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वाकायचं नाही म्हणून बजावलं. गोव्यात कंपनीत असलेल्या मुलाचा, रविराजचा, फोन आला. "आये, त्यो कोंबड्यो इकून टाक. अंडी दुकानात गावतत." मुलाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. ती नुसतं हूं हूं करत राहिली.

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "येत्या बाजाराक कोंबड्यो इकूया. माका आता झेपणा नाय."

ती रागाने बोलली असती तर तुकारामने कानाडोळा केला असता. त्यात तो तरबेज होता. पण ती अगदी सावकाश बोलली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. कंबर धरल्यापासून ती अशीच पडून असायची. उठायची ती फक्त कोंबड्यांसाठी. त्या आरडायला लागल्या की भिंतीचा आधार घेत, कण्हत का होईना, पण उठायची. कोंबड्या गेल्या तर ही कशासाठी उठेल, हा विचार तुकारामच्या मनात आला आणि तो घाबरला. बाजाराला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बांबूची एक काठी तासायला घेतली.

या काठीचं थोडं सांगायला हवं. तुकाराम ज्या गुरुदास मेस्त्रींच्या हाताखाली शिकला, त्यांचा एक दंडक होता. टेप खिशात असली तरी घर टेपने घालायचं नाही. आधी घरमालकाला हात पुढे करायला सांगायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत काठी तोडायची आणि चौथऱ्यापासून फळीपर्यंत सगळं त्या काठीने मोजायचं. म्हणजे ते घर मालकाच्या अंगाला बरोबर बसतं. तुकारामने हा दंडक कधी मोडला नाही. आताही मोडला नाही. स्वतःचा हात मोजला, काठी तोडली आणि कामाला लागला.

खुराडं चार दिवसांत उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते सुरेख होतं. जांभ्याच्या भिंती, आतून गिलावा, वर स्लॅब. लांबी पाच हात, खोली पावणेदोन हात, उंची दोन हात. कांडेचोर रानमांजराचा पंजा आत जाऊ नये म्हणून खिडकी दोन बोटांच्या फटीएवढीच ठेवली. कोंबड्यांना ये-जा करायला जमिनीलगत दार. चार दिवस खांद्याला तेल चोळून चोळून त्याने चिरे उचलले होते. शेजारचा भाई बघायला आला, सगळीकडून फिरला आणि म्हणाला, "तुकाराम, पर्यटकांका भाड्यान देतलस काय रे?"

तुकाराम खूश झाला. कोंबड्या झाल्या नाहीत.

संध्याकाळी त्या घरापुढच्या खळ्यात जमल्या, दारातून आतल्या काळोखात डोकावल्या आणि सरळ फणसावर जाऊन बसल्या. तुकारामने एकेकीला पकडून आत कोंबलं. आत बसायला दांडी नाही, वारा नाही, दिवसभर तापलेली स्लॅब डोक्यावर. सकाळी दार उघडलं तर सगळ्या चोची वासून धापा टाकत होत्या. त्या संध्याकाळी त्या पुन्हा फणसावर गेल्या, त्यांना खाली आणण्याचं बळ कोणातच नव्हतं, आणि पहाटे अकराच्या दहा झाल्या होत्या. फणसाखाली नुसती पिसं होती. कांडेचोराने डाव साधला होता.

त्याच सकाळी एक कोंबडी खुराड्यात शिरून अंडं घालून आली. पद्मावती अंडं काढायला गेली. डॉक्टरांचं बजावणं तिच्या लक्षात होतं, पण दारच जमिनीलगत, त्याला ती तरी काय करणार? गुडघे टेकले, खांद्यापर्यंत हात आत घातला. अंडं मागच्या भिंतीला. बोटं चाचपडत राहिली, अंडं काही हाताला लागेना. तिने हात काढून घेतला आणि तिला उठता येईना. तुकाराम धावला. एका चांगल्या हाताने आणि एका दुखऱ्या हाताने त्याने तिला कसंबसं उभं केलं, खुर्चीत बसवलं.

"दमलंय मी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "परवा बाजार आसा. इकूया."

इतका राबून तुकारामने बायकोसाठी वाकायची नवी जागा तेवढी केली होती.

पद्मावतीच्या खुर्चीला त्याची काठी टेकून ठेवलेली होती. तिने ती उचलली. एवढी वर्षं त्याच्याबरोबर काढल्यावर काठीचा अर्थ तिला सांगायला नको होता.

"ही कोणाच्या हाताची?"

"माज्या. आणि कोणाच्या आसतली?"

"म्हंजे खुराड्याचो मालक तुमी?"

"मगे कोण?"

"सकाळी कोंबड्यो सोडता कोण? दाणे घालता कोण? घाण काडता कोण?" तिने कोपर काठीच्या टोकाला लावून हात लांब केला. बोटं संपली तरी काठी चार बोटं उरली. "बगा. माजो हात हयच सरता. म्हणान अंडा गावणा नाय."

तुकाराम त्या उरलेल्या चार बोटांकडे बघत राहिला. शंभरावर घरं त्याने घातली होती. दर वेळी पहिला प्रश्न हाच विचारला होता, मालक कोण? स्वतःच्या खळ्यात तो विचारायचाच राहिला होता.

"हात पुढे कर गो," तो म्हणाला.

"कित्या?"

"माप घेतंय."

ती नको नको म्हणत होती, तरी त्याने तिचा हात धरला. एक्केचाळीस वर्षांत हा हात त्याने नीट कधी पाहिला नव्हता. मनगटाजवळ चुलीच्या भाजल्याचे दोन डाग, बांगड्या सैल होऊन कोपराकडे घसरणाऱ्या, मधलं बोट सांध्यात वाकडं झालेलं. त्याने नवा बांबू लावला, खूण केली आणि तोडला. मग कुदळ घेऊन स्वतःच घातलेली स्लॅब फोडायला लागला.

ते दोन दिवस कसे गेले ते तुकारामच्या खांद्याला विचारावं. दुपारी तो चिऱ्यावरच डोकं टेकून झोपून जायचा आणि कळ आली की उठायचा. पद्मावती खुर्चीत बसून सांगत होती, तो ऐकत होता. या घरात हे उलटंच होत होतं. फोडलेल्या भिंतीचे चिरे रचून त्याने सहा खांब केले. त्यांवर तिच्या हाताच्या मापाने अडीच हात उंचीला पोफळीच्या रिपांची जमीन, मध्ये बोटभर फट, म्हणजे घाण खाली पडेल आणि ती फावड्याने उभ्याने ओढता येईल. खोली दीड हातच. समोरून बारीक जाळी, मागून पावसाच्या अंगाला फळ्या, वर उतरती कौलं. आत पाय धरता येईल अशी गोल दांडी. अंड्यांची पेटी बाहेर काढलेली, तिच्या कोपराच्या उंचीला, वर झाकण.

काम चाललेलं असताना तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि नवी काठी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. हे घरही त्यानेच बांधलं होतं, आपल्या हाताच्या मापाने. चुलीवरची फळी पद्मावतीच्या डोक्यावर हातभर. फळीखाली लाकडी पाट पडलेला. त्यावर चढल्याशिवाय तिला डबा काढता येत नसे. खिडकी अशी की त्याला खळं दिसे आणि तिला नुसतं आभाळ. ती पाटावर चढली की तो हसायचा, "आमची बायल आखूड," म्हणायचा. तुकारामला ते सगळं आठवलं आणि तो पाणी न पिताच वळला.

"फळी खाली घेतंय," तो बाहेर येऊन म्हणाला.

"आता ऱ्हवांद्या," पद्मावती म्हणाली. "आदी कोंबड्यांचा होवंदे."

बाजाराच्या दिवशी सकाळची एसटी रस्त्यावर थांबली, कंडक्टरने या घराच्या दिशेने पाहिलं आणि घंटी मारली. पद्मावती खळ्यात होती. रात्री दहाही कोंबड्या आणि कोंबडा दांडीवर बसले होते. एकीने पेटीत अंडं घातलं होतं. तिने उभ्याने झाकण उचललं, उभ्याने अंडं घेतलं आणि बराच वेळ ते हातात धरून राहिली. कोंबड्या विकायचं काही बोलली नाही.

तुकारामने त्या दिवशी झोपायला हवं होतं. त्याने फळी उतरवली, नव्या काठीने मोजून खाली ठोकली. शेवटचा खिळा मारला तेव्हा त्याला हात वर धरवत नव्हता. पद्मावतीने खालचा पाट उचलला, सावकाश बाहेर नेला आणि कोंबड्यांना वर उडी मारायला पायरी म्हणून खुराड्याशी दगडावर ठेवला.

तो पडवीत येऊन बसला. "चुकलंय गो मी," तो म्हणाला. खुराड्याबद्दल तो बोलत नव्हता, आणि ते तिला कळलं.

तिने विचारलं, "खांदो दुखता?"

"दुखता."

"बसा हय. तेल तापवतंय."

ती आत गेली आणि फळीवरची तेलाची बाटली तिने उभ्या उभ्या काढून घेतली.