ऐकतोय, बोला

“...आणि तुझ्या आईला हेही सांग, की देवाच्या वेळेला या घरात बोगदे खणले जाणार नाहीत!”

भाऊजींच्या हातात टीव्हीचा प्लग लोंबत होता, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा. ते काकूंचे थोरले दीर. भांडणात धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही हा त्यांचा जुना शिरस्ता. निरोप पुतणीमार्फत जायचा, आणि पुतणी बिचारी दोघांच्या मधोमध उभी राहायची.

“आई, ऐकलंस?”

“मला कान आहेत,” शिवणाच्या मशीनवरून मान न वळवता काकू म्हणाल्या. “त्यांना म्हणावं, प्लग लावा. माणसं आत अडकायला आली आहेत.”

“कोणाची माणसं? नात्यातली आहेत का?”

“काका विचारतायत...”

“कळलं गं. नात्यातली नसली म्हणून काय मरू द्यायची?”

दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की जांभई, कोणास ठाऊक.

गल्लीत सगळे त्यांना आल्टरवाल्या काकू म्हणत. नवे कपडे त्या शिवत नसत. कंबर सैल करायची, बाही आखूड करायची, फाटलेल्या खिशाला नवी पिशवी लावायची, हे त्यांचं काम. कोण सुटलं, कोण वाळलं, हे गल्लीत डॉक्टरच्या आधी काकूंना कळायचं, आणि पोटातलं ओठावर येत नसे म्हणूनच गिऱ्हाईक टिकून होतं. मशीन खिडकीशी होतं, कारण काळ्या कापडावर काळी टीप मारायला उजेड लागतो. टीव्ही मागच्या कोपऱ्यात होता, कारण प्लग तिथं होता. म्हणजे इतकी वर्षं खोलीतला टीव्ही काकूंच्या पाठीला दिसत आला होता.

त्यांचे यजमान होते तोवर त्याचं काही अडलं नाही. ते मागं खाटेवर बसून चित्र सांगायचे. “आता ती जिन्यात उभी आहे. रडत नाहीये, पण रडेल बघ.” “आता त्यानं कोट काढला. तुझ्या हातात आला असता तर उसवूनच टाकला असतास, इतका वाईट शिवलाय.” काकू हसायच्या, पाय मशीनच्या पायडलवर तसेच हलत राहायचे. यजमान गेले आणि चित्र सांगणारं कोणी उरलं नाही. लेक म्हणाली, आई, मशीन फिरवून घे. काकू म्हणाल्या, उजेडाचं काय? उजेडाचं कारण खरं होतं. पण मागं वळलं की रिकामी खाट दिसायची, हेही खरं होतं.

मग त्या नुसत्या ऐकायला लागल्या, आणि चित्रं आपली आपण काढायला लागल्या.

बोगद्याची मालिका अशीच कानावर पडून अंगवळणी पडली. डोंगराच्या पोटात बोगदा खणणारी माणसं, त्यांच्या शिव्या, त्यांचा चहा, मंजूर न होणाऱ्या रजा. देवाचं नाव कोणी घेत नसे. पण खाली भिंतीवर एक फोन होता. कोणाला भीती वाटली, काही बिघडलं, की तो फोन उचलायचा, आणि वरून एक आवाज यायचा, सावकाश, झोपेतून उठवल्यासारखा नाही आणि घाईचाही नाही: “ऐकतोय, बोला.”

काकूंच्या मनात त्या आवाजाची एक खोली तयार झाली होती. डोंगराच्या माथ्यावर, चारही बाजूंनी खिडक्या, आणि पडदे आत-बाहेर, आत-बाहेर, कोणीतरी श्वास घेतल्यासारखे. माणूस दिसत नसे. नुसता उजेड, आणि त्यात तो आवाज. संध्याकाळी खिडकीतलं ऊन कापडावर तिरपं पडायचं, सुईखालून कापड पुढं सरकायचं, मशीनची खडखड दूर कुठल्या तरी पाण्यासारखी वाटायला लागायची, आणि काकू त्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहायच्या.

घरात रोज संध्याकाळी आतल्या खोलीत प्रार्थना व्हायची. काकू पूर्वी बसायच्या. पण यजमानांच्या दुखण्यात, इस्पितळाच्या व्हरांड्यात, त्यांनी इतकं मागितलं होतं, इतकं विनवलं होतं, आणि पलीकडून साधं ‘हूं’सुद्धा आलं नव्हतं. त्यानंतर बसावंसं वाटेना. “शिवण आहे,” एवढंच त्या म्हणायच्या. जाऊबाई आग्रह करायच्या नाहीत. भाऊजी मात्र आतून जरा मोठ्यानं म्हणायचे, मधल्या भिंतीला ऐकू जावं म्हणून.

आणि मग एका संध्याकाळी, “ऐकतोय, बोला,” असं मागून आलं, तेव्हा काकूंच्या तोंडून मशीनच्या आवाजाखाली निघून गेलं, “पाठ दुखतेय हो आज.”

त्या स्वतःच दचकल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलल्या. लेकीचा खोकला, चेन बसवून दिल्यावर नाक मुरडणारी बाई, मग हळूच यजमानांचं नाव. याला प्रार्थना म्हणतात असं त्यांच्या मनातही आलं नाही. फक्त रात्री झोप लागायला लागली.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण चॅनेलनं मालिकेची वेळ बदलली आणि ती नेमकी प्रार्थनेवर आली. खणण्याचे आवाज आतल्या खोलीत घुमायला लागले, आणि आज भाऊजी प्लग उपटून उभे होते.

“तिला विचार,” ते पुतणीला म्हणाले, “की त्या डबड्यात असं काय आहे, जे देवाच्या खोलीत नाही?”

काकूंनी कात्री ठेवली. निरोप्या बाजूला सारून थेट दिरांना म्हणाल्या, “तुम्ही आत ज्याला हाक मारता, तो मला कधी ‘ओ’ देत नाही. हा देतो. ‘ऐकतोय’ म्हणतो. मी बोलते त्याच्याशी.”

लेक खुदकन हसली.

“कोण, तो? अगं आई, तो टकल्या?”

“कोण टकल्या?”

“तो फोनवरचा! रोज तर दाखवतात. पोट सुटलेला, अंगात स्वेटर, तोही पोटावर ताणलेला. चहात बिस्कीट बुडवून खात शब्दकोडं सोडवत असतो.”

“आणि बिस्कीट कायम कपात पडतं,” जाऊबाई म्हणाल्या, आणि नवऱ्यानं पाहिल्यावर घाईनं म्हणाल्या, “येता-जाता दिसतं हो! आता डोळे काय मिटून चालू?”

“त्याच्या स्वेटरचं मधलं बटण तुटलेलं आहे आई. तुझ्याकडेच पाठवायला हवा.”

काकूंनी मान खाली घालून कात्री पुन्हा उचलली. भाऊजींना वाटलं आपण जिंकलो, म्हणून ते जरा मवाळ झाले. “उद्याचा दिवस बघा म्हणावं. परवा टीव्ही माळ्यावर.”

दुसऱ्या दिवशी काकूंचा हात चालेना. सैल करायची पँट त्यांनी घट्ट केली, मग उसवली, मग पुन्हा तिथंच टीप मारली. डोंगरमाथ्यावरची खोली डोळ्यांसमोर आणायला गेलं की पडदे हलायचे थांबायचे आणि एक बटण तुटलेला माणूस कपातून बिस्कीट काढत बसलेला दिसायचा. आपण इतके दिवस याच्यापाशी मन मोकळं केलं! यजमानांचं नाव घेतलं! लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या. परवा टीव्ही जाईल आणि मग कोणाशीच बोलणं नाही, ना आतल्या त्याच्याशी, ना या टकल्याशी. पुन्हा तोच व्हरांडा.

संध्याकाळी लेक क्लासला गेली होती. भाऊजी आत जाऊन बसले. काकूंनी टीव्ही लावला आणि सवयीनं खिडकीकडे तोंड केलं.

बोगदा धसला. आधी गडगडाट, मग माणसांची धावपळ, मग खोकल्याचे आवाज. कोणीतरी चाचपडत फोन उचलला. काकूंचे पाय पायडलवर थांबले.

फोनमधून काही आलं नाही.

“हॅलो,” खालचा माणूस म्हणाला. “हॅलो! ऐकताय ना?” पाणी ठिबकत होतं. पुन्हा हॅलो. मग तोही थांबला, आणि टीव्हीतून काहीच येईना. ती शांतता काकूंच्या ओळखीची होती. फिनेलचा वास तेवढा नव्हता.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं. कोणाला, ते त्यांना कळलं नाही. जुनी जीभ, जुना प्रश्न. मागं खाट रिकामी होती.

“तो बसलाय,” मागून आवाज आला.

जाऊबाई होत्या. चष्मा शोधायला म्हणून आतून उठून आल्या होत्या आणि उंबऱ्यात तशाच राहिल्या होत्या.

“कोण?”

“तुझा तो. फोनवरचा. रिसीव्हर कानाला आहे. चहा गार झालाय, वर साय धरलीय. बिस्कीट तसंच आहे.” जाऊबाई आत आल्या. खाटेची करकर ऐकू आली. “कोणीतरी खांद्यावर हात ठेवतंय त्याच्या. उठा आता, असं म्हणत असेल. तो मान हलवतोय. नाही म्हणतोय.”

“मग बोलत का नाही तो?”

“तार तुटलीय ना गं. वरचं खाली जात नाही, खालचं वर येत नाही. पण त्यानं ठेवलेला नाही. दोन्ही हातांनी कानाला धरलाय. खिडकीत अंधार पडत चाललाय, आणि हा ऐकतोच आहे.”

काकूंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. खिडकीतलं ऊन त्या उसवलेल्या पँटवर पडलं होतं, टिपांची भोकं रांगेनं दिसत होती. इस्पितळाचा व्हरांडा लांबत लांबत कुठं तरी वर गेला, आणि त्याच्या टोकाला एक खोली होती, पडदे नसलेली, गार चहाची. वळून बघावंसं त्यांना वाटलं नाही. मागं कोणीतरी सांगत होतं.

“आणि बटण?” त्यांनी विचारलं.

“तुटलेलंच आहे अजून.”

“हं,” काकू म्हणाल्या, आणि नाक पुसून घेतलं.

भाऊजी बाहेर आले तेव्हा मालिकेचं शेवटचं संगीत चालू होतं. खाटेवर बसलेल्या बायकोकडे त्यांनी पाहिलं. “मला एकट्यालाच बसवलंत आज? चष्मा सापडायला इतका वेळ?”

चष्मा जाऊबाईंच्या नाकावर होता. त्यांनी तो काढून पदराला पुसला.

निरोप न्यायला लेक घरात नव्हती. काकूंनी पँट उलटी केली, सुईत दोरा ओवला आणि खिडकीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, “उद्यापासून प्रार्थना या खोलीत होईल, मालिका संपल्यावर. मी मशीनवरच बसेन, पाठमोरी. जाऊबाई खाटेवर बसतील. टीव्ही माळ्यावर जाणार नाही.”