आक्कांचं गोणपाट

हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या कपाळावर आमच्या आक्का बोट टेकवायच्या आणि तसंच धरून विचारायच्या, "पाळी गेल्यावर पुन्हा कधी डाग दिसला का गं?" बाई लाजून अर्धी व्हायची, शेजारणी पदरात तोंड लपवायच्या. आक्कांना त्याचं काही नाही. उत्तर मिळाल्याशिवाय कुंकवाचा करंडा पुढे सरकत नसे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. देवगाव रंगारीत मी सून म्हणून आले तेव्हा मुलखावर निजामाचं राज्य होतं आणि घरात आक्कांचं. शिवाशिवीला भारी कडक. बाहेर बसायचं ते पडवीच्या कोपऱ्यात, स्वतःच्या ठरलेल्या गोणपाटावर. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली आणि एके दिवशी ते गोणपाट पुन्हा बाहेर निघालं. सासूबाईंना तर कौतुकच. "थोरलीचं अंग अजून तरणं हाय!" पुढे ते महिन्यातून दोनदा निघू लागलं. आक्का कोपऱ्यात, आम्ही ताट लांबून सरकवणार. त्या किती वाळल्या हे जवळून पाहिलं कुणी? कंबर धरून उठवेना, तेव्हा कुठे थोरल्या दिरांनी छकडा जुंपला आणि आम्ही त्यांना औरंगाबादला नेलं.

डॉक्टरीणबाई तपासत होत्या तरी आक्कांचं चालूच, "मला शिवू नका, मी बाहेरची हाय."

बाई हसल्या. "अम्मा, ये माहवारी का खून नहीं, जखम का है. उंगली कटी तो कोने में बैठते क्या?"

मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोग आहे. फार पसरलेला दिसत नाही. मुंबईत रेडियमचा इलाज होतो, माणूस बरं होऊ शकतं, पण आता घरी बसू नका.

घरी येताच दीर घाबरले. "मुंबईला गेलेली बाई जिती परत येती का?"

"इथं कोपऱ्यात बसून तरी कुठं जिती ऱ्हाणार हाय?" आक्का म्हणाल्या. "चल गं धाकटे." आणि बोचक्यात सगळ्यात आधी गोणपाट भरलं.

गाडीतही त्यांनी ते जनाना डब्याच्या दाराशी अंथरलं. पडेगावची एक बुरखेवाली बाई बाकावर सरकून जागा करून देत होती. "आपा, खाली कायको बसले? वर या ना." आक्कांनी हात आखडून घेतला. "शिवू नका." तोवर मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी डबाभर बायकांसमोर ओरडले, "आक्का, विळीनं बोट कापलं तर तुम्ही कोपऱ्यात बसता का?"

आक्कांनी गोणपाट गुंडाळलं. मग त्यांनी त्या बाईचा हात धरला आणि बाकावर चढून बसल्या. मनमाड येईपर्यंत दोघींची जुनी मैत्री झाली होती.

मुंबईच्या दवाखान्यात रांगेनं खाटा, आणि प्रत्येकीचं दुखणं तेच. आक्का म्हणाल्या, "इथं समद्याच बाहेरच्या! मग घरातली कोण?" त्यांनी व्हरांड्यात गोणपाट पसरलं आणि दुपारी चालत्या-फिरत्या बायकांना त्यावर जेवायला बसवायला लागल्या. रेडियम आत ठेवलं की न हलता पडून राहावं लागे. तेव्हा दात आवळून म्हणायच्या, "जाळू दे. मेलं त्ये गावाकडं न्यायचं नाय." मी बाहेर जाऊन रडून यायची.

आक्का बऱ्या झाल्या. अशक्तपणा वर्षभर राहिला, आवाज मात्र पहिल्या आठवड्यातच परत आला. गोणपाट त्यांनी वासराखाली घातलं आणि तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. त्या पुढे नातसुनांचं हळदीकुंकू बघून, पिकल्या वयात गेल्या.

त्यांच्या तेराव्याला आमच्या धाकट्या वन्सं आल्या होत्या. पन्नाशी कधीच उलटलेली. पंगत बसली तरी दिसेनात, म्हणून शोधत गेले, तर पडवीच्या त्याच कोपऱ्यात, पोत्यावर अंग चोरून बसलेल्या.

"वैनी, लांबूनच वाढा. मी बाहेरची हाय."

मला आक्कांची आठवण आली. मी ताट घेऊन गेले, त्यांच्या पोत्यावर त्यांना खेटून बसले आणि हात हातात घेतला.

"वन्सं, कधीपासून?"

त्या रडायला लागल्या. मी घास भरवला.

"रडू नका. जेवून घ्या. सकाळच्या गाडीनं निघायचंय."